कर्ता कोण, सावंत?

आमच्या बाईंना चिडवायचं असेल तर त्यांच्यासमोर फक्त एवढंच म्हणायचं, 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.' चष्मा कपाळावर जायचा आणि तोफ सुटायची, "कर्ता कोण, सावंत? कोण करणार? तुझा काका?"

बाई मुलुंडच्या. आधी शाळेत मराठी व्याकरण शिकवायच्या, मग तिथल्याच एका पुढाऱ्याची भाषणं लिहू लागल्या. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तो मंत्री झाला आणि बाई त्याच्या प्रसिद्धीचं काम बघायला मंत्रालयात आल्या. मी त्यांचा टायपिस्ट. पत्रकारांना काय सांगायचं, काय गिळायचं, साहेबांनी कुठे हसायचं, सगळं बाई ठरवायच्या. साहेब फक्त तोंड हलवायचे.

गंमत म्हणजे कर्ता गायब करण्यात बाईंचाच हात धरणारं कोणी नव्हतं. साहेबांनी घोळ घातला की बाई लिहायच्या, 'दिरंगाई झाली.' जणू ती आपली आपणच झाली! "सरकारात कर्ता कायम रजेवर असतो रे," म्हणायच्या आणि खदखदून हसायच्या. मलाही ते तेव्हा झकास वाटायचं.

मग साकीनाक्याच्या एका गल्लीतले छोटे कारखाने शहराबाहेर हलवायचं ठरलं. त्या गल्लीत माझ्या दादाचं लेथ मशीन होतं. गिरणीतली नोकरी सुटल्यावर गावची जमीन विकून घेतलेलं. ते गेलं असतं तर दादाचं घर बसलं असतं.

बाईंना हे ठाऊक होतं. साहेबांनी नेहमीसारखी प्रेसनोट मागितली. बाईंनी मला सांगितलं, "टाइप कर. 'मी तुमचे कारखाने इथून हलवणार आहे.' खाली साहेबांचं नाव."

साहेबांनी कागद वाचला आणि लालबुंद झाले. "बाई, वाट लावाल माझी!"

"हलवणार तुम्हीच ना? मग म्हणा की तसं."

"अहो, नेहमीसारखं लिहा ना."

"नेहमीसारखं मी आता लिहिणार नाही," बाई म्हणाल्या. पर्स उचलली, सरकारी गाडी दारात उभी असताना तिच्या बाजूने चालत गेल्या आणि बस पकडली.

पुढे त्या त्याच कारखानदारांची बाजू मांडत कचेऱ्या पालथ्या घालू लागल्या. आमच्या ऑफिसात त्यांना 'दलाल' म्हणायचे. कोणीतरी ते तोंडावर म्हटलं तर म्हणाल्या, "हो, आहे दलाल! पण मी कोणाची दलाल ते तरी सगळ्यांना माहीत आहे. तुमचं काय?"

गल्लीत लोखंडाच्या किसात खुर्ची टाकून त्या लोकांना बोलायला शिकवायच्या. 'आमच्यावर अन्याय होत आहे' चालायचं नाही. दादा वैतागून थेट मालवणीत ओरडला, "मी खंयच जावचंय नाय!" बाईंनी टाळी वाजवली. "शाब्बास! ह्याला म्हणतात वाक्य!"

शेवटी शिष्टमंडळ साहेबांच्या केबिनमध्ये आलं. दादा बाईंच्या शेजारी, आणि मी साहेबांच्या बाजूला, टिपणं घ्यायला. साहेब गोड हसले. "तुमच्या भावनांचा विचार करण्यात येईल."

"कोण करणार?" बाईंनी विचारलं.

"शासन."

"या खोलीतलं नाव सांगा."

केबिनच्या दाराशी पत्रकार उभे होते. त्यांना कोणी बोलावलं हे विचारायची गरजच नव्हती. साहेबांनी दाराकडे पाहिलं, घाम पुसला. "बरं बाबा. मी नाही हलवणार."

"सावंत, टाइप कर," बाई म्हणाल्या. "'मी'सकट."

असा टाइपरायटर मी जन्मात बडवला नव्हता. साहेबांना सही करावी लागली. दादाचं मशीन जागचं हललं नाही.

काही वर्षांनी बाई गेल्या. मुलुंडला शोकसभा झाली, साहेबांचा संदेश वाचायला माझ्या हातात दिला. 'त्यांच्या निधनाबद्दल तीव्र दुःख व्यक्त करण्यात येत आहे.' तिथेच मी थांबलो. समोर दादा मान खाली घालून बसला होता. मी कागदाची घडी करून खिशात टाकली.

"हे मी वाचणार नाही," मी म्हणालो. "मला दुःख झालंय." आणि लगेच चरकलो. छे! यातही कर्ता दुःखच. बाईंनी सोडलं नसतं.

म्हणून भर सभेत वाक्य सुधारलं. "मी रडतोय."