सहज, पण सणासारखं

वाचनालयातल्या एफीनं मर्डो ॲबरनेथीला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा म्हणे स्कॉटलंडमधल्या अख्ख्या क्रीफ गावातली वाहतूक थांबली होती. वाचकांच्या सभेच्या सूचनेत 'नीटनेटक्या पोशाखात यावे' एवढंच होतं. भर सकाळी अकरा वाजता मर्डो अवतरला तो काळा कोट, चांदीची बटणं, गुडघ्यापर्यंतचा चुणीदार आठ वारी किल्ट, मोज्यात खोचलेली सुरी आणि कमरेपुढं लठ्ठ मांजराएवढी केसाळ पिशवी, अशा थाटात. बटणांच्या झळाळीनं समोरच्या बेकरीतले पाव दुसऱ्यांदा भाजले गेले. दोन म्हातारे राजा आला समजून उठून उभे राहिले. तिसरा झोपला होता म्हणून वाचला.

एफी हसली. मर्डोला ते हसू कौतुकाचं की कीव आल्याचं, हे सहा वर्षं कळलं नाही. तो दर मंगळवारी पुस्तकं बदलायला जाई आणि मनातलं सगळं मनातच घेऊन परत येई.

आता एफी निवृत्त होत होती. तिनं घरी बोलावलं होतं, चार ते आठ. कार्डावर खाली लिहिलं होतं: 'पोशाख सहज, पण सणासारखा.'

"सहज म्हणजे किती सहज?" मर्डोनं बहिणीला विचारलं.

"दादा, तिलाच फोन कर ना," ऊना म्हणाली.

"म्हणजे तिला कळेल की मला कळत नाही."

"ते तिला सहा वर्षांपूर्वीच कळलंय. सगळ्या गावाला कळलंय."

मर्डोनं तीस वर्षं शाळेची बस चालवली होती, वळणावर कधी गडबडला नव्हता. पण वडिलांचा नियम कडक होता, आणि त्या सकाळच्या फजितीनंतर त्यानं तो कधी मोडला नव्हता: सहाच्या आत लोकरी कोट आणि चामड्याची साधी पिशवी, सहानंतर काळा कोट आणि केसाळ पिशवी. आणि समारंभ नेमका सहाच्या दोन्ही बाजूंना पसरलेला. या खेपेला फजिती झाली, तर मंगळवारही उरणार नव्हते.

तो लोकरी कोटात गेला, बाकीचा सरंजाम बॅगेत. पावणेसहाला हळूच कोठीघरात शिरला. कोट बदलला. पण केसाळ पिशवीची साखळी पाठीमागून अडकवायची असते, आणि हात काही पोचेनात. तो स्वतःभोवती गोल गोल फिरत असताना एफी कप न्यायला आली.

"काय चाललंय मर्डो?"

"सहा वाजतायत."

तिनं कप खाली ठेवले, त्याच्या मागं गेली आणि साखळी अडकवून दिली. मग तशीच पाठीमागून म्हणाली, "कार्डावर तसं गोलमोल का लिहिलं असेल मी?"

"का?"

"बाकी सगळ्यांना मी तोंडी सांगितलं, काहीही घालून या. ते वाक्य फक्त तुमच्या कार्डावर होतं. म्हटलं, आता तरी हा माणूस विचारायला फोन करेल. तीन आठवडे मी फोन उशाशी घेऊन झोपले."

तो म्हणाला, "मग आता मी कुठली पिशवी ठेवू?"

"अहो, ठेवा कुठलीही," ती म्हणाली. "आणि उद्या फोन करा. कारण नसताना."

त्यानं केला. सकाळी आठला, आणि तो दीड तास चालला.

पुढच्या मार्चमध्ये त्यांनी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. बर्फ पडत होता, म्हणून मर्डो करड्या पँटमध्ये गेला.