अब्बांना ऐकू आलेली हाक

ब्रह्मपुरीत माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटर उघडली की दोष सापडतोच, हे माझं तत्त्व. त्यामुळे भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की सगळ्यात मोठ्याने हसणारा मीच. आज हे लिहायला बसलोय, तर हसणाऱ्यांनी खुशाल हसावं...

१९९९ चा सप्टेंबर. कुरखेड्याला बहिणीकडे गेलो होतो – मी, बायको शबाना आणि अब्बा. दुसऱ्या दिवशी भाड्याची जीप करून कोरचीच्या बाजूचे मोठे धबधबे पाहायला निघालो. जागेचं नाव मुद्दाम देत नाही, उगाच कोणी हौसेने जायचं. शेवटचे दोन किलोमीटर पायवाट. वाट दाखवायला पायथ्याच्या गावातल्या सोमीबाई आल्या, टोपली घेऊन. जाता जाता त्यांना सात्या वेचायच्या होत्या, म्हणजे वारुळापाशी उगवणाऱ्या अळंब्या. एका मोहाच्या बुंध्यावर अस्वलाच्या नखांचे ताजे ओरखडे दिसले आणि शबानाने माझा हात जो धरला तो सोडलाच नाही.

अब्बांची हयात राइस मिलमध्ये गेली. वीस वर्षांपासून ठार बहिरे. आमचे ओठ बघून बोलणं समजून घ्यायचे. आणि मला एक वाईट खोड होती... मिलमधले हमाल मारायचे तशी हाक मी त्यांच्या पाठीमागून मारायचो – "ओ करीमभाऊऽऽ!" ते वळायचे नाहीत आणि बघणारे हसायचे. त्या वाटेवरही मी तेच केलं.

सोमीबाई थांबल्या. "काऊन ओरडून राह्यले भाऊ? जंगलात नाव घेऊन बलावत नाई. नुसतं कूऽऽ कराचं. नाव जंगलाले शिकवाचं नाई."

"शिकून करणार काय ते?" म्हणत मी आणखी दोनदा ओरडलो.

धबधबे दोन, एकाखाली एक. आवाज एवढा की शबाना कानाशी येऊन बोलली तरी नीट कळेना. डबे खाल्ले. अब्बा खडकावर पाय सोडून बसले, मी शेजारीच आडवा झालो आणि माझा डोळा लागला. शबानाने हलवून उठवलं तेव्हा खडकावर कोणी नव्हतं. डबे घासायला ती पाठमोरी बसली होती, तेवढ्यात अब्बा गेले होते.

पहिली नजर पाण्याकडे गेली. मी ओरडायला तोंड उघडलं आणि सोमीबाईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला. दुसऱ्या हाताने चिखल दाखवला. अब्बांच्या रबरी चपलांचे ठसे वर, बांबूच्या रानात गेले होते.

पाचेक मिनिटं चढलो असू. अब्बा उभे होते. त्यांच्यापासून वीस पावलांवर अस्वल वारूळ उकरत होतं, आणि अब्बा त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हते! मान एका बाजूला करून, हसत, अस्वलाच्याच दिशेने एकेक पाऊल टाकत होते.

सोमीबाईंनी टोपली बडवत मोठ्याने कूऽऽ केलं. अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं... आणि वळून बांबूत शिरलं. मी धावत जाऊन अब्बांना धरलं.

"तू इकडून कसा आला?" ते गोंधळले. "समोरून बलावून राह्यला होता ना? करीमभाऊ, करीमभाऊ... पाच-सहा खेपा. एकदम साफ!"

"मी नाही, अब्बा. मी झोपलो होतो."

त्यांनी शबानाकडे पाहिलं. तिने नकारार्थी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

नागपूरला पुन्हा कान तपासले. डॉक्टर म्हणाले, नस मेलेली आहे, तोफ उडाली तरी ऐकू येणार नाही. मनाचा भास? मीही तेच धरून बसलो होतो. पण काही महिन्यांनी दुकानात बसल्या बसल्या अब्बा आपणहून म्हणाले, "भाऊ म्हणताना तुया आवाज फाटते. आखरीले घोगरा होते." खरं आहे. मिसरूड फुटल्यापासून माझा आवाज तसाच फाटतो. पण तोवर अब्बांचे कान गेले होते, आणि असली गोष्ट त्यांना कोण सांगणार?

मी हातातल्या मोटरची तार गुंडाळत राहिलो. तेच पुढे म्हणाले, "लहानपणचाच आवाज ध्यानात होता तुया. म्हटलं, माया पोरगा आता असा बोलते... अन् तू म्हणते, मी नव्हतो."

अब्बा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या रानात त्यांना कोणी बोलावलं, मला आजही माहीत नाही. खूप डोकं चालवलं, दोष काही सापडला नाही. पण त्या दिवशी दुकानात मी नुसतं एवढंच म्हणायला हवं होतं – हो अब्बा, मीच होतो.