उंद्रीची कुमारी डूबा

कडूबा मेहेत्रेच्या आधीची दोन भावंडं जगली नव्हती. तिसऱ्याला कोणाची नजर लागू नये म्हणून आईनं त्याचं नाव कडूबा ठेवलं. हा उपाय असा काही लागू पडला, की पुढे जन्मभर गिटार वाजवूनही कोणाची नजर त्याच्यावर पडली नाही. हे त्याची बायको कौशल्याबाई सांगते आणि सांगताना पदर तोंडाला लावून हसते. पण लग्न होऊन उंद्रीला आली तेव्हा तिला एवढं हसू येत नव्हतं.

तिचं माहेर बीबी गावचं. मुलगा माळवं पिकवतो, वांगी-मिरची चिखलीच्या बाजारात नेतो, एवढंच तिला सांगितलेलं. सासरी तिसऱ्या दिवशी गोठ्यात कडबा काढायला गेली, तर वर आढ्याला खताच्या गोणीत गुंडाळलेलं काहीतरी टांगलेलं दिसलं. तिनं सासूला विचारलं.

"गिटार हाये त्याची," सासू म्हणाली. "हात नको लावू माय. तिले काही होत नाही, त्याले होते."

ही गिटार गावात आली ती शेती खात्याच्या एका साहेबांबरोबर. साहेब नागपूरकडचे. संध्याकाळी ओट्यावर बसून वाजवायचे. त्यांना अडीच गाणी येत होती. कडूबा तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा. रोज त्यांच्याकडे वांगी द्यायला जायचा आणि उगाच रेंगाळायचा. साहेबांची बदली झाली तेव्हा टेम्पोत एकतर पाळणा मावत होता नाहीतर गिटार. साहेबांच्या बाईंनी पाळणा निवडला, आणि गिटार कडूबाकडे राहिली.

अडीच गाणी कडूबानं महिन्याभरात संपवली. मग तार तुटली. गिटारीची तार चिखलीत मिळेना, म्हणून त्यानं सायकलच्या ब्रेकच्या केबलमधला एक धागा ओढून बसवला. ती तार बोटं कापायची. मळ्यात डिझेल इंजिन खोलून पडलेलं होतं. त्याच्या पिस्टनमध्ये बसते ती गजन पिन, म्हणजे लोखंडाची गुळगुळीत पोकळ नळी, कडूबानं करंगळीत घातली आणि तारांवरून घसरवली. सूर एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारून जाईना, सरपटत जायला लागला. माणूस आधी रडून घेतो आणि मग गोष्ट सांगायला बसतो, तसा काहीसा तो आवाज होता. गोठ्यातल्या बैलांनी रवंथ थांबवला, असं सासू म्हणायची. सासू खोटं बोलायची नाही, पण थोडं वाढवून सांगायची.

कौशल्याबाईला शेतात निंदताना, तण काढताना, गाणं म्हणायची सवय होती. एकदा मिरचीत बसली होती आणि तोंडानं चालू होतं. वर पाहिलं तर नवरा बांधावर खुरपं टाकून बसलेला.

"काऊन बसले?" तिनं विचारलं.

"ते परत म्हन. मधात कुठं घसरली तू?"

"मी कुठं घसरली? चांगली बसून हावो इथं."

तिला तो काय विचारतो ते कळलं नाही. पण त्या हंगामात त्यानं तिच्याकडून ती ओळ वीसेक वेळा म्हणवून घेतली, आणि निंदण दोन दिवस लांबलं.

चिखलीला हिंमतराव म्हणून एक गायक होते, त्यांची ऑर्केस्ट्रा पार्टी होती. लग्न, यात्रा, निवडणूक, काही असलं तरी बोलावणं यायचं. कडूबा त्यांच्यात जायला लागला. एकोणनव्वद साली पार्टीनं अकोल्याला जाऊन कॅसेट केली. त्यात निंदणाचं एक गाणं होतं. गाणं सुरू व्हायच्या आधी अर्धं मिनिट नुसती कडूबाची गिटार. ते अर्धं मिनिट जिल्हाभर गाजलं. टेम्पोवाले गाणं लागलं की तेवढं ऐकायचे, मग रिवाइंड करून पुन्हा तेवढंच.

कॅसेटच्या वेष्टणावर सगळ्यांची नावं होती. ढोलकी कोणाची, कोरसमध्ये कोण, हेसुद्धा. फक्त छापखान्यात कडूबाच्या 'क'खाली शाईचा डाग पडला, अक्षरं जुळवणाऱ्यानं त्याचा उकार केला, आणि उकारापुढे टिंब देऊन मोकळा झाला. छापून आलं: 'गिटार - कु. डूबा.'

ही कुमारी डूबा कौशल्याबाईच्या घरी पोचली ती शेजारच्या विमलबाईच्या हातून. कडूबा तेव्हा पार्टीबरोबर तीन दिवस बाहेर होता.

"पोरगी हाये वो त्यायच्या पार्टीत," विमलबाई म्हणाली. "कुमारी. पाह्य, छापून आलं."

 दुसऱ्या दिवशी कौशल्याबाईनं सकाळी उठून भाकरी केल्या, डबा भरला आणि एसटीनं सरळ चिखलीला हिंमतरावांच्या दारात. पार्टी नुकतीच परतली होती. पाच माणसं सतरंजीवर बसून चहा पीत होती. नवरा त्यांच्यात होता.

"डूबा कोन हाये?" तिनं दारातूनच विचारलं.

 हिंमतरावांनी कडूबाकडे बोट केलं. "हे काय वहिनी, बसली तुमच्यासमोर. मिशा ठेवल्या फकत."

ती हसता हसता खाली बसली. डबा सगळ्यांनी मिळून खाल्ला. परतीच्या गाडीत मात्र तिला राग आला, आणि तो वेगळाच होता.

"चुकलं तं सांगत काऊन नाही तुमी?"

"गानं तं वाजून राह्यलं ना," कडूबा म्हणाला.

"गानं वाजून राह्यलं, पन तुमी कुठं हा त्याच्यात?"

 हिंमतरावांनी पुढच्या खेपेला दुरुस्त करू असं कबूल केलं. दुसरी आवृत्ती निघाली, त्यावर छापलं होतं: 'गिटार - कु. डूबा उंद्रीकर.'

मग पत्रं यायला लागली. हिंमतरावांच्या पत्त्यावर, कुमारी डूबांना. बहुतेक फालतू होती, ती चुलीत गेली. रोहिणखेडच्या शालिग्राम नावाच्या एका तरुण मास्तराची पत्रं तेवढी कौशल्याबाई भाकरी थापता थापता कडूबाला मोठ्यानं वाचायला लावायची, कारण त्यात लाडिक काही नसायचं. तो लिहायचा, की तुमची गिटार ऐकली की माझी आई मिरच्या तोडताना गुणगुणायची ते आठवतं. कडूबाचं वाचन इथवर आलं की तो ती ओळ पुन्हा एकदा वाचायचा. अकराव्या पत्रात मास्तरानं शेवटी विचारलं, आपण विवाहित आहात काय.

"याले उत्तर द्या," कौशल्याबाई म्हणाली. कडूबा लाजला. मग तिनंच पोस्टकार्ड घेतलं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: 'होय. सुखी आहे. डूबा.' पत्रं बंद झाली. कडूबाला पुढचे कितीतरी दिवस चुकल्याचुकल्यासारखं होत होतं, हे तिनं पाहिलं आणि आपण घाई केली की काय असं तिला वाटलं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी हिंमतरावांनी कीबोर्ड घेतला. "याच्यात गिटारबी हाये बे कडूबा," ते ओशाळून म्हणाले, "अन् याले जेवाले लागत नाही." कडूबा घरी आला आणि वांग्यात शिरला. भांडण नाही, तक्रार नाही. संध्याकाळी विहिरीजवळ एकटाच वाजवायचा. ऐकायला कौशल्याबाई, आणि दोन म्हशी.

तक्रार नव्हती, पण एकदा तिनं पाहिलं. पुतणीच्या लग्नात डीजेवाल्यानं ते गाणं लावलं. पोरं धावली. जेवणाचं ताट घेऊन कडूबा मधेच उभा होता. एक जण म्हणाला, "काका, बाजूले व्हा ना, नाचू द्या." कडूबा बाजूला झाला. पण ताटाच्या कडेवर त्याच्या डाव्या हाताची करंगळी अर्धं मिनिट घसरत होती, अगदी बरोबर जागेवर. गाण्याचे शब्द सुरू झाल्यावर ती थांबली आणि तो जेवायला लागला. 

गेल्या वर्षी, हिवाळ्यात, ती ओट्यावर मेथी निवडत होती. एक टापटीप गृहस्थ फाटकाशी आले. हातात पिशवी.

"ताई, डूबाबाई उंद्रीकर इथंच राहतात का? मी शालिग्राम. रोहिणखेडहून आलो. नुकताच शाळेतून निवृत्त झालो."

कौशल्याबाईच्या हातातली जुडी तशीच राहिली. गुरुजींकडे पहिल्या आवृत्तीची कॅसेट होती, त्यामुळे गावाचा पत्ता कधी लागला नव्हता. मागच्या महिन्यात कोणीतरी मोबाईलवर दुसऱ्या आवृत्तीचं वेष्टण टाकलं, तेव्हा उंद्री कळली. आता त्यांना आपल्या गावात डूबाबाईंचा सत्कार करायचा होता.

"त्यांच्या यजमानांनाही भेटायचं आहे," ते म्हणाले. "परवानगी लागेल ना."

"यजमान मीच," कौशल्याबाई म्हणाली. "जा, डूबा वांग्यात हाये."

गुरुजींना ते नीट कळलं नाही, पण ते गेले. ती ओट्यावरून पाहत होती. वांग्याच्या सरीतून पांढऱ्या मिशांचा कडूबा उभा राहिला, टोपलं कमरेवर. गुरुजी काही बोलले. कडूबा काही बोलला.  तसे गुरुजी मटकन बांधावर बसले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. हसतात की रडतात, हे लांबून कळेना. ती पाणी घेऊन गेली तेव्हा दोन्ही चालू होतं.

"ते पोस्टकार्ड?" गुरुजींनी डोळे पुसत विचारलं.

"मी लिहिलं. खोटं नव्हतं त्याच्यात काही."

पिशवीत साडीचोळी होती. गुरुजींच्या पत्नीनं स्वतः रंग निवडलेला. परत नेणं बरं दिसेना, म्हणून ती कौशल्याबाईला दिली, आणि कडूबासाठी शाल नंतर आणू असं ठरलं.

फेब्रुवारीत रोहिणखेडच्या शाळेत दुपारी तीनला कार्यक्रम झाला. दीडशे माणूस असेल. शेतातून परस्पर आलेल्या बाया मागे भिंतीला टेकून बसल्या. हिंमतरावही आले, काठी टेकत. माईकवर ते म्हणाले, "चूक छापखान्याची होती, पन दुरुस्त मी केली नाही. मले वाटलं, पोरीचं नाव हाये तं कॅसेट दोन जास्त खपतीन. कडूबा, मले माफ कर."

सभेत कुजबुज झाली. कौशल्याबाईचा चेहरा लाल झाला. "पस्तीस वर्षं," ती दातांत पुटपुटली.

कडूबा तिच्याकडे झुकला. "मले ठाऊक होतं."

"अन् तुमी मले सांगितलं नाही?"

"तू त्यायच्या घरी गेली असती. या खेपेले डबा न घेता."

तिला हसू आलं, आणि हसू आल्याचा पुन्हा राग आला. तेवढ्यात गुरुजींनी विचारलं, कडूबाभाऊ, तुमचे गुरू कोण? कडूबानं माईक हातात धरला, उलटा. गुरुजींनी तो सरळ केला.

"साहेबायकून अडीच गानी शिकलो," तो म्हणाला. "बाकी हे निंदत होती, ते ऐकलं. जे तुमी ऐकता ते तिचंच हाये. मी नुसतं तारेवर आनलं."

सगळ्या माना वळल्या. कौशल्याबाईनं नव्या साडीचा पदर डोक्यावरून एवढा पुढे ओढला की नाक तेवढं दिसत होतं. मागच्या बायांनी टाळ्या सुरू केल्या आणि पुरुषांना त्या कराव्या लागल्या.

मग तो वाजवायला बसला. अर्ध्या मिनिटाचं होतं ते त्यानं अकरा मिनिटं वाजवलं. मधे एका ठिकाणी सूर खाली सरकला आणि तिथंच थांबून राहिला, तेव्हा मागची एक म्हातारी त्याच्याबरोबर गुणगुणायला लागली. तिला कोणी गप्प केलं नाही. शालिग्राम गुरुजी पहिल्या रांगेत हात जोडल्यासारखे बसले होते. दोन्ही तळव्यांमध्ये मोबाईल पुढे धरला होता, पण रेकॉर्डिंग सुरू करायला ते विसरले होते, हे त्यांना घरी गेल्यावर कळलं. आता ते पुन्हा येणार म्हणतात, मशीन घेऊन.

परतीच्या एसटीत गिटारीला खिडकीची जागा मिळाली. मोताळा गाव मागे पडल्यावर कौशल्याबाईनं विचारलं, "कसं वाटलं?"

"हात थरथरत होते."

"दिसलं नाही."

"तुले नाही दिसलं, म्हंजे कोनालेच नाही दिसलं," कडूबा म्हणाला, आणि सत्काराची शाल मांडीवर नीट घडी करून ठेवायला लागला.