लाँड्रीतलं गोडं पाणी

गल्लीत तिला सगळे पडदेवाली म्हणत. नवख्यांना वाटे, खिडक्यांचे पडदे शिवत असेल. ती मात्र समुद्राकाठच्या कारखान्यात काचेवर दाट द्रावण पसरून पातळ, पांढरे पडदे बनवायची. त्यांना डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असत. पडद्याच्या एका बाजूला गरम खारं पाणी सोडायचं, दुसऱ्या बाजूला थंडावा ठेवायचा. छिद्रांतून नुसती वाफ पलीकडे जाते आणि तिचं गोडं पाणी होतं. मीठ अलीकडेच राहतं.

घरी सासऱ्यांची लाँड्री होती. विहीर खारट, त्यामुळे पांढरे शर्ट पिवळट पडायचे आणि गिऱ्हाइकं कुरकुरायची.

"बाबा, तुमच्या बॉयलरची एवढी ऊब वाया जाते," ती एकदा म्हणाली. "ती मला द्या."

कारखान्याने चाचणीसाठी एक छोटा संच दिला. इस्त्रीच्या टेबलामागे तो बसवला. सकाळी नळीतून थेंब थेंब पाणी पडू लागलं. तिने बोटाने चाखलं आणि टुणकन उडीच मारली.

पण आठवडा सरतो न सरतो तोच पाणी पुन्हा खारट! पडदा भिजून गेला होता; बदलला, तर तोही भिजला. तिचं तोंड एवढंसं झालं. शेवटी एका दुपारी खाऱ्या पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून ती आत डोकावली, तर वर फेस तरंगतोय.

"बाबा, टाकीत साबण कुठून आला?"

सासरे कॉलरवरून इस्त्री फिरवत राहिले. "अगं, कपडे खळबळलेलं शेवटचं पाणी तसं स्वच्छच असतं. फेकवेना. म्हटलं, तुझ्या यंत्राला तेवढाच हातभार."

"अहो, पडदा पाणी अंगाला लावून घेत नाही, म्हणून तर मीठ अडतं! साबण लागला की तो भिजतो आणि खारं पाणी थेट आरपार."

"म्हणजे चोर मीच?"

"चोर कसले, घरभेदी!" आतून सासूबाई ओरडल्या, आणि तिघांचीही हसता हसता मुरकुंडी वळली.

टाकी धुतली, नवा पडदा लावला, झाकणाला कुलूप घातलं. किल्ली अर्थातच सासूबाईंकडे. त्यानंतर पाणी बिघडलं नाही. कारखान्याने तसलाच मोठा संच शेजारच्या शाळेसाठी करायला घेतला, आणि त्याचे पडदे तिच्याच हातचे असावेत असं ठरलं.

त्या रविवारी सासूबाईंनी गोड्या पाण्याचा चहा केला. एक घोट घेऊन त्यांनी नाक मुरडलं. "अगं बाई, याची चव कुठं गेली?" आणि जन्मभराच्या खारट चहाच्या सवयीने कपात चिमूटभर मीठ टाकलं. दुसरा कप मात्र त्यांनी तसाच घेतला, आणि तिसराही.