चेंडूमाळावर जागा शोधताना

यंदाचा उन्हाळा सातपुड्यात काढायचा हे आम्ही हौसेने ठरवलं नव्हतं. हे नंदुरबार स्टेशनात पार्सल क्लार्क. मिरचीच्या हंगामात दिवसभर पोत्यांच्या धुळीत उभं राहायचं, खोकायचं आणि घरी यायचं. खोकला सगळ्या गावालाच असतो, म्हणून आम्ही मनावर घेतलं नाही. माघात रुमालावर रक्त दिसलं. डॉक्टरांनी छाती ठोकून पाहिली आणि मला बाहेर बोलावून म्हणाले, "पावसाळ्याआधी उंच, कोरड्या हवेत न्या. उशीर करू नका."

तेव्हा पहिल्यांदा चेंडूमाळाचं नाव ऐकलं. अक्राणीच्या वाटेवर, डोंगराच्या दक्षिण उतारावर एक पठार आहे. तिथे साहेबांनी गोल्फ खेळायला मैदान केलं आणि मैदानाभोवती बंगले बांधले. लढाईमुळे निम्मे बंगले बंद पडलेत, भाड्याने मिळतात, असं ह्यांच्या स्टेशनात कोणीतरी सांगितलं.

जाणाऱ्यांसाठी सांगते. होळीच्या आठवड्यात निघू नका. आम्ही निघालो आणि फसलो. डोलीवाले सगळे काठी गावच्या होळीला गेलेले. मोटार सध्या पेट्रोलवर नाही, कोळशाच्या गॅसवर चालते. चढ आला की माणसं उतरून चालतात. भाडं माणशी सव्वा रुपया, आणि धूर फुकट. त्या धुराने ह्यांना खोकल्याची उबळ आली. शेजारची बाई ह्यांच्याकडे पाहत राहिली, मग पदर तोंडाला लावून मागच्या बाकावर गेली. मी खिडकीबाहेर बघत बसले. अजून तापीसुद्धा ओलांडली नव्हती.

प्रकाशा गावी नावेतून पलीकडे गेलो. तिथे धर्मशाळेत पिठलं-भाकरी चांगली मिळते, पाणी मात्र आपलं न्यावं. पुढे पायथ्यापर्यंत दुसरी मोटार, आणि डोली नाही म्हणून बैलगाडी. गाडीवाला शहाद्याकडचा, चांगला बोलका.

"वर बिबट्या शे, ताई," तो म्हणाला. "साहेब लोके गयात, गवत वाढनं. दिन मावळना का कोणी भाईर निंघत नही."

मी विचारलं, "बंगले मिळतात ना पण?"

"मिळतस. पन छातीना रोगवालाले त्या ठेवतस नही. मांगला साले एक मास्तरले तठूनच परत धाडं."

हे गाडीत आडवे पडले होते, डोळे मिटलेले. ऐकलं की नाही कळेना. एका बाजूला दरी होती, चाक कडेला गेलं की खडे खाली घरंगळत जात आणि त्यांचा आवाज बराच वेळ येत राही. मी मनाशी पक्कं केलं की हिवताप सांगायचा. हिवताप कोणाला येत नाही?

पठारावर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. पहिलं दर्शन, खोटं कशाला सांगू, फार सुंदर. मधे मोठं मैदान, त्याला वळसा घालून लाल कौलांचे बंगले, प्रत्येकाचा व्हरांडा मैदानाकडे तोंड करून. हद्दीला चुना फासलेले दगड. हवा इतकी हलकी की ह्यांनी कितीतरी दिवसांनी पूर्ण श्वास घेतला. पण माणूस दिसेना. दारं बंद, झोपाळ्यांच्या कड्या गंजलेल्या, आणि मैदानात कमरेइतकं गवत.

किल्ल्या शिरीनबाईंकडे. नवापूरकडच्या लाकडाच्या एका पारशी ठेकेदाराच्या त्या विधवा. पन्नाशीच्या, ताठ, पांढरी साडी. व्हरांड्यात चहा देता देता त्यांनी वस्तीची कहाणी सांगितली. पन्नासएक वर्षांपूर्वी जंगलखात्याचा एक साहेब तापातून उठून इथे येऊन राहिला आणि बरा झाला. वेळ जाईना म्हणून गवत कापून चेंडू मारू लागला. मग खाली रेल्वे झाली, तिचे इंजिनियर आले, मग ठेकेदार. इथे हिरवळ टिकत नाही, म्हणून चेंडू ज्या भोकात घालायचा त्याच्याभोवती वाळू घालून तेल शिंपडत. काठ्यांच्या पिशव्या वाहायला पाड्यावरचे पावरा लोक.

"ही चराऊ जमीन त्यांचीच होती," शिरीनबाई म्हणाल्या. "मैदानाच्या मधे त्यांचा वाघदेव आहे. साहेबने दगड हलवायला सांगितला, कोणी हात लावेना. मग साहेब लोक त्याला वळसा घालून खेळले. संध्याकाळी बँड, केक, सगळ्यांची एकमेकांकडे ये-जा. भांडण झालं तर फक्त चेंडूवरून." मग त्यांनी ह्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुमच्या साहेबला काय झाला?"

"हिवताप," मी म्हटलं.

ह्यांनी कप खाली ठेवला. "हिवताप नाही, बाई. क्षय आहे."

आत कुठेतरी तान्हं मूल रडत होतं. शिरीनबाई उठल्या आणि आतलं दार ओढून घेतलं.

"रात्री तुम्हाला खाली पाठवत नाही," त्या परत येऊन म्हणाल्या. "पलीकडच्या बंद बंगल्यात रहा. सकाळी सांगते."

पलीकडे म्हणजे मैदान ओलांडून. सोबत त्यांचा माळी सायसिंग, हातात रॉकेलचा रिकामा डबा आणि काठी. दिवस मावळत होता. तो डबा बडवत पुढे, मधे हे, मागे मी. वाघदेवाचा शेंदूर फासलेला दगड मागे पडला आणि ह्यांना उबळ आली. हे गुडघ्यावर बसले. डबा थांबला. त्या शांततेत उजव्या हाताला गवत हललं. वारा नव्हता. गवत एका रेषेत हलत आमच्याकडे आलं आणि थांबलं. ह्यांचा खोकला थांबवायला मी त्यांच्या तोंडावर पदर दाबला, आणि तो ओला झाला.

सायसिंगने डबा माझ्या हातात दिला. "वाजव बाई," एवढंच म्हणाला. मी वेड्यासारखी बडवत सुटले. त्याने ह्यांच्या काखेत हात घातला, जवळजवळ उचललंच, आणि चालू लागला. ह्यांचं रक्त त्याच्या खांद्यावर लागलं होतं. गवत परत हललं, ह्यावेळी लांब जाताना. बंगल्याचं दार लावलं, तरी डबा माझ्या हातातच होता.

सकाळी शिरीनबाई आल्या, पण पायरी चढल्या नाहीत. अंगणात उभ्या राहून म्हणाल्या, "माझी मुलगी बाळंत होऊन आली आहे. सव्वा महिन्याचं बाळ आहे. मला भीती वाटते, दिकरा. मी तुम्हाला नाही ठेवू शकत."

रागाने बोलायला मी पुढे झाले, आणि त्यांच्या तोंडाकडे बघून थांबले. काल मोटारीत बसल्यापासून माझा चेहरा तसाच झाला असणार.

सायसिंग जवळच उभा होता. म्हणाला, "माझा पाडा हद्दीच्या दगडांपलीकडे आहे. हवा तीच." गावापासून वेगळी, टेकाडावरची पिकं राखायची झोपडी रिकामी होती. पाड्याच्या म्हाताऱ्यांनी आपसात बराच वेळ बोलणं केलं. शेवटी रहायला हो म्हणाले. अट एकच, पाणी झऱ्याच्या खालच्या अंगाला भरायचं.

तिथे आम्ही उन्हाळा काढला. शिरीनबाईंनी खाट पाठवली, रोज अंडी आणि दूध पाठवलं. आठवड्यातून एकदा स्वतः यायच्या, हद्दीच्या चुना फासलेल्या दगडाशी उभ्या राहून मोठ्याने विचारायच्या, "दिकरा, आज ताव किती?" हे झोपडीतून तापाचा आकडा सांगायचे. कधी कमी करून सांगायचे, ते मला कळायचं. रात्री कुडाबाहेर सळसळ झाली की मी कोयता जवळ ओढायची, आणि सळसळ थांबली की ह्यांचा श्वास ऐकत बसायची. दोन्हींतली कुठली भीती मोठी, ते शेवटपर्यंत ठरलं नाही.

मृगाच्या आधी खाली उतरलो. रक्त थांबलंय, अंगावर थोडं मांस आलंय. डॉक्टर म्हणाले, "बरं दिसतंय," आणि पुढच्या महिन्यात परत बोलावलं. ह्यांनी स्टेशनात तिकिटाच्या खिडकीवर बदली मागितली आहे.

परवा शेजारच्या भागाबाई आल्या. त्यांच्या भाच्याचीही छाती बिघडली आहे. मी सगळं सांगितलं: मोटार, गाडी, बंगल्यात ठेवत नाहीत ते, पाड्यावर ठेवतात ते, आणि आधी खरं सांगा हेही.

"भेव लागना नही का तुले, माय?"

"लागलं. अजून लागतं."

"मंग परत जाशी का?"

आतून ह्यांना खोकला आला. मी कान देऊन दुसऱ्याची वाट पाहिली. आला नाही.

"जाईन," मी म्हटलं. "होळी झाली की."