कडू करांद्याचा पहिला काप

"चष्मा काढा आजी. घड्याळसुद्धा. फोटोत खरं वाटत नाही."

शिबिराच्या ताईंनी हे सगळ्यांसमोर सांगितलं. मी तेव्हा पंचावन्नची. सातवी पास आदिवासी ठाकरीण, अंगणवाडीत मदतनीस. वस्तीत आलेलं सरकारी पत्र मीच वाचायची. आणि मी काढला की हो चष्मा. पदराखाली लपवला, वर दात काढून हसले. तेव्हाची ती मी आज समोर आली, तर दोन फटके ठेवून देईन.

शिबिर अकोले तालुक्याच्या वरच्या अंगाला, धरणाकाठी. शहरातली माणसं तीन दिवस मौन धरायची, झाडांना मिठ्या मारायची. त्यांचा आत्मा जागा व्हायचा होता. मला आणलं होतं रानातलं ज्ञान सांगायला. पण बोलत होत्या ताईच. मी शेजारी, जमिनीवर.

"यांना शिकावं लागत नाही," ताई म्हणाल्या. "यांना आतून कळतं."

आतून? कडू करांद्याचा वेल ओळखायला आईनं मला तीन पावसाळे रानात फिरवलं. चुकीच्या वेलाला हात लावला की काठी. करांदा विषारी कंद. पातळ काप करायचे, राखेच्या पाण्यात उकडायचे, फडक्यात बांधून रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवायचे. ओढ्याला म्हणायचं, कडू तू घे, गोड आम्हाला दे. सकाळी पहिला काप जिनं उकडला तिनं खायचा. अर्धा दिवस बसायचं. तिला काही झालं नाही, तरच पोरांना. हा नेम आमच्यात मोडत नाहीत. कुणीतरी पोटात कळा येऊन मेलं असेल, तेव्हा तो ठरला.

त्या दिवशी मीच खणून आणलेल्या करांद्यांची टोपली पुढं होती. ताईंनी कच्चेच काप करून ताटात मांडायला लावले.

मी हळूच म्हणाले, "ताई, ह्ये उकडावं लागतं. वड्याच्या पाण्यात ठेवावं लागतं."

"ती तुमची श्रद्धा, आजी. शिजवलं की ऊर्जा मरते."

माझ्या खांद्यावर नुकतीच सत्काराची शाल पडली होती. मऊ होती. मी बाई गप्प बसले.

लोक मात्र कचरले. तेव्हा ताईंनी स्वयंपाकघरातून हौसाला बोलावलं. हौसा माझी धाकटी जाऊ, तिथं भांडी घासायची.

"तुम्ही खाऊन दाखवा. तुम्हा लोकांना पचतं."

हौसानं माझ्याकडं पाहिलं. मी ताटाशी बसलेली. म्हणजे तिच्या लेखी मीच उकडलं असणार, मीच आधी खाल्लं असणार. आमच्यात दुसरं काही असूच शकत नाही. पहिल्या घासालाच तिचं तोंड वाकडं झालं. तरी तिनं गिळला. वर दुसरा खाल्ला.

दुपारी ओकायला लागली. टेम्पोत घालून सरकारी दवाखान्यात नेली. चार दिवस सलाईन. डोळे उघडल्यावर एवढंच म्हणाली, "आक्का, तू तितंच बसली हुतीस."

शिबिरात कुणाचं काय जागं झालं, मला ठाऊक नाही. मी त्या खाटेपाशी जागी झाले.

ताई कागद घेऊन आल्या. कंद ओळखण्यात आजींची चूक झाली, असं लिहिलेलं. "अंगठा द्या. नाहीतर शिबिर बंद पडेल, वस्तीतल्या बायांची कामं जातील."

मी पेन मागितलं. खाली लिहिलं, कंद मी बरोबर ओळखला. कच्चा देऊ नका म्हणून सांगितलं. नंतर गप्प बसले, ती माझी चूक. सही केली. कागद ताईंना दिलाच नाही, डॉक्टरांच्या हातात ठेवला.

महिन्याभरात अंगणवाडीतलं काम गेलं. कारण कुणी सांगितलं नाही. हौसाला अजून जेवण पचत नाही. माझ्या घरचं पाणी ती पीत नाही. मी आग्रहही करत नाही.

शिबिर दुसऱ्या नावानं चालू आहे. यंदाही नवी ताई वस्तीत आली. "आजी, तुमचं ज्ञान मरता कामा नये."

"मरंना का," मी म्हणाले. "शिकायचं आसंल तर तीन पावसाळं ऱ्हा हितं. उकडायचं तुमी. पयला काप खायचा तुमीच."

ती हसली. आतून कळणाऱ्यांपैकी दुसरी कुणी आहे का, विचारायला लागली.

आता त्यांची गाडी चढाला लागली की मी रस्त्यात खाट टाकून बसते. हॉर्न वाजवतात. वाजवू देत. माझ्या वस्तीतली एकही बाई मी त्या गाडीत चढू देणार नाही.