दत्तूच्या बोटांचा कोन

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला ठाऊक नाही, मुलींना नाही, हॉस्पिटलात वर्षानुवर्षं माझ्यासोबत डबा खाल्लेल्या मैत्रिणींना तर नाहीच. मी बडबडी आहे हे सगळ्या चिंचवडला माहीत आहे. पण बडबडी माणसं पोटात काय काय ठेवू शकतात, याची तुम्हाला कल्पना नाही.

परवा पिंपरीच्या मंडईत एका जुन्या पेशंटनं मला ओळखलं. "कुसुमबाई ना? हलक्या हाताच्या!" मी हसले आणि भाजी न घेताच घरी आले. का — ते सांगते. जरा दमानं घेते, रागावू नका.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमचं हॉस्पिटल कामगारांचं आणि अवाढव्य — इतकं, की एक विभाग दुसऱ्याला फक्त कागदावरून ओळखायचा. केसपेपरच्या खिडकीशी रांग लावलेला माणूस एक्स-रे, ऑपरेशन, प्लास्टर असं करत शेवटी कॉरिडॉरच्या टोकाला, आमच्या व्यायामाच्या खोलीत पोचायचा. तिथं दिवसभर हातच हात. पत्रा दाबायच्या प्रेसखाली सापडलेले, मशीनच्या पट्ट्यात ओढले गेलेले. आखडलेली बोटं वितळलेल्या मेणानं शेकायची, मग धरून वाकवायची, आणि कोनमापक लावून किती अंश वाकली ते कागदावर लिहायचं. दुखतं हो. भयंकर दुखतं. चांगले धिप्पाड गडी आईच्या नावानं ओरडतात. पण दुखल्याशिवाय आखडलेलं बोट सुटत नाही, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलेलं असतं.

मला ते माहीत होतं. हे आधीच लिहून ठेवते — नंतर पळवाट नको.

दत्तू पुनावळ्याचा, भोसरीला प्रेसवर कामाला. उजव्या हाताची चार बोटं चेंगरली होती. प्लास्टर निघालं तेव्हा ती लाकडासारखी ताठ. कंपनीनं बजावलं होतं, तीन महिन्यांत मूठ वळली तर मशीनवर परत, नाहीतर घरी. आणि घरी कोण? आई, बायको आणि पाळण्यातली मुलगी.

पहिल्या दिवशी मी कोन मापला. तीस अंश. बोट धरून जरा दाबलं तर तो कळवळला — "बाई, आज ऱ्हाऊ द्या वो. उद्या करू." मी राहू दिलं. दुसऱ्या दिवशीही. मग रोजचंच झालं. शेक, गप्पा, रबरी चेंडू, की झाला व्यायाम. दत्तू खूश. त्याची आई पदरात भुईमुगाच्या शेंगा घेऊन यायची आणि अख्ख्या खोलीला सांगायची की ही बाई म्हंजे देवमाणूस हाय. दया येत होती म्हणून सोडत होते, असं वाटतंय ना तुम्हाला? मलाही तसंच वाटायचं. छे! मला ते कौतुक गोड लागत होतं. लिहिताना आत्ताही कान तापतात.

आणि कागद? कागदावर तर दर आठवड्याला सुधारणा दिसायला हवी. मग मी लिहायला लागले. पस्तीस. चाळीस. पंचेचाळीस. राउंडला येणाऱ्या डॉक्टरांपुढे इतकी गर्दी असायची की हात बघायला त्यांना वेळ कुठला — कागद बघायचे, "छान" म्हणायचे, पुढे जायचे. सहा आठवड्यांत मी दत्तूला साठावर नेऊन ठेवला.

मग मला कावीळ झाली आणि माझे पेशंट लोंढेबाईंकडे गेले. लोंढेबाई आमच्यात सीनियर. वडील फाउंड्रीत कामगार, घरात शिकलेली पहिली व्यक्ती याच. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी. पेशंट त्यांना टरकून असायचे. त्या बौद्ध, आणि पाठीमागे कुजबुजणाऱ्यांना तेवढंही पुरायचं. मी कधी कुजबुजले नाही. पण कुणाला गप्प केलं का? नाही, तेही नाही.

लोंढेबाईंनी मापलं तर तीस. तीसच लिहिलं आणि कामाला लागल्या. मी रजेवरून परतले त्या दिवशी दत्तूचं ओरडणं जिन्यापर्यंत ऐकू येत होतं. त्याची आई कॉरिडॉरमध्ये छाती पिटत होती — "ती बाई माज्या पोराचा हात मोडतीया! कुसुमबाईंकडं व्हता तवर समदं बरं व्हतं!"

तक्रार वर गेली. साहेबांनी आम्हा दोघींना बोलावलं आणि टेबलावर कागद ठेवला. माझ्या अक्षरात साठ. खाली लोंढेबाईंच्या अक्षरात तीस. बघणारा काय समजेल? मी वळवून दिलेला हात त्यांनी बिघडवला — दुसरं काय! लोंढेबाई शांतपणे म्हणाल्या, "वरचे आकडे चुकलेत, सर. कुसुमला विचारा, ती सांगेल." आणि माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांना खरंच वाटत होतं की मी सांगेन.

मी म्हणाले, "मी मापूनच लिहिलंय, सर."

आठवड्याभरात लोंढेबाईंची बदली झाली. भोसरीच्या आमच्याच एका दवाखान्यात — ना मेणाचं भांडं, ना खोली. वर 'पेशंटशी कठोर वागणूक' असा शेरा.

दत्तू परत माझ्याकडे आला. दोनच दिवस. तिसऱ्या दिवशी खाली मान घालून म्हणाला, "राग मानू नगा बाई. पर त्या बाईंनी बोट हालवलं व्हतं. मला तितंच जायाचंय." आणि गेला की! आईला न सांगता, रोज भोसरीला. लोंढेबाई स्टोव्हवर पातेल्यात मेण वितळवायच्या, असं तिथला कंपाउंडर सांगायचा. ओरडणं रस्त्यावर ऐकू यायचं, म्हणे.

तिसरा महिना सरता सरता दत्तू दारात उभा. माझा हात धरला आणि दाबला — काय ती पकड! त्याला मशीनवर घेतलं होतं. मला रडू आलं, आनंदानंच. मग तो म्हणाला, "त्या बाईंना हितं परत आणा की. तुमी सायबांना सांगा, तुमचं ऐकत्यात."

"सांगते," म्हणाले मी.

सांगितलं नाही. त्या आठवड्यात नाही, त्या वर्षात नाही. साहेब बदलले, त्यांच्या जागी दुसरे आले, तेही गेले.

त्यानंतर न मापलेला आकडा मी कधी लिहिला नाही. पेशंट ओरडले, शिव्या दिल्या, तर दिल्या! पुष्कळ मुठी वळलेल्या बघितल्या. नव्या मुली कामाला लागल्या की पहिल्या दिवशी त्यांच्या हातात कोनमापक द्यायची आणि समोर उभी राहून मापून घ्यायची. यानं माझं काही फिटतं असं म्हणत नाहीये. आणि लोंढेबाई? त्यांनी भांडून भांडून त्या दवाखान्यात व्यायामाची खोली करून घेतली. शिफ्ट सुटली की तिथं कामगारांची रांग लागायची. पुढं तिथूनच त्या निवृत्त झाल्या. आता निगडीला असतात, तब्येत ठणठणीत आहे असं कळतं.

उद्या सकाळच्या बसनं मी त्यांच्याकडे जाणार आहे. हे कागद त्यांच्या हातात देईन. वाचायचे की नाही, ते त्यांचं त्या ठरवतील. फक्त त्या दिवशी साहेबांसमोर जे म्हणायचं होतं, ते इथं शेवटी सरळ लिहिते. दत्तूचं बोट पहिल्या दिवशी जेवढं वाकत होतं, सहा आठवड्यांनी तेवढंच वाकत होतं. मधले सगळे आकडे मी खुर्चीत बसून, त्याच्या हाताला हात न लावता लिहिले. लोंढेबाईंनी मापलं होतं.